सही करणारीनं पुन्हा पाटी हातात घ्यावी का?

पत्र:

मी ४१ वर्षांची आहे. एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत १७ वर्षं काम करते. एचपीएलसी या औषधातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर नमुने चालवणारी मुलगी म्हणून लागले, आज प्रयोगशाळेची व्यवस्थापक आहे. तपासणी अहवालावर माझी सही झाल्याशिवाय बॅच पुढे सरकत नाही. पगार चांगला आहे, मान आहे. तीन वर्षांपूर्वी विभागाला नवे प्रमुख आले आणि तेव्हापासून सकाळी गेटातून आत शिरताना पोटात गोळा येतो. त्याच सुमारास मी सुट्टीच्या दिवशी कर्णबधिर मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवायला जाऊ लागले. माझा भाचा कर्णबधिर आहे, त्याच्यामुळे खुणांची भाषा थोडीफार येत होती. ते दोन तास मला आठवडाभर पुरतात. आता विशेष शिक्षिका व्हावं असं मनानं घेतलंय. पण त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुन्हा परीक्षा, आणि पुढे पगार निम्म्याहून कमी. नवरा म्हणतो, ‘तू ठरव, मी आहे.’ आई म्हणते, ‘कमावलेलं कुणी असं लाथाडतं का?’ मैत्रिणी म्हणतात, मनाचं ऐक. राजीनामा लिहून ठेवलाय, पाठवायला हात धजत नाही. मी पळते आहे का? आणि या वयात शून्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं आहे का?
– तळ्यात-मळ्यात

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

राजीनामा आत्ता पाठवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. कधीच पाठवू नका असं मी म्हणत नाही. पत्र वाचून मला तर वाटतं की वर्ष-दीड वर्षात तुम्ही तो पाठवाल, आणि पाठवावात अशी माझी इच्छाही आहे. पण हा निर्णय ज्या माहितीवर उभा राहायला हवा ती आज तुमच्याकडे नाही. हात धजत नाही याला तुम्ही भित्रेपणा समजताय. मला त्यात तुमचा १७ वर्षांचा सराव दिसतो. पुरेसा तपास झाल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय इतक्या वर्षांत हातात मुरली आहे.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं लागोपाठ आली आहेत. नवे प्रमुख आले, आणि त्याच सुमारास तुम्ही शाळेत जाऊ लागलात. या दोन गोष्टी गेली तीन वर्षं तुमच्या मनात एकमेकींना चिकटून वाढल्या आहेत. त्यातली कुठली कुणाच्या जोरावर वाढली हे आतून ओळखता येत नाही. आठवडाभर जिथे जीव गुदमरतो तिथून सुटून आल्यावर दोन तासांची कुठलीही चांगली जागा स्वर्गासारखी वाटणारच. म्हणून ‘मी पळते आहे का’ या प्रश्नाचं उत्तर विचार करून मिळणार नाही, आधी या दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतील.

पळण्यात मला काही वाईट दिसत नाही. छळ होत असेल तर माणसानं पळावंच. पण ज्याला फक्त बाहेर पडायचं असतं त्याला कुठलंही दार चालतं, त्यासाठी आयुष्याची दिशा बदलावी लागत नाही. तेव्हा एक करा. दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांमध्ये याच पदासाठी अर्ज करा आणि मुलाखती द्या, मनापासून द्या. समजा ऑफर हातात आली, तिथले प्रमुख समजूतदार वाटले, पगारही तोच राहिला. ती बातमी घरी सांगताना तुम्हाला हायसं वाटलं, तर तुमचं दुखणं त्या एका माणसाचं होतं. ते बरं करा आणि शाळेचे दोन तास आनंदानं चालू ठेवा, त्यात कमीपणा कसलाच नाही. पण ऑफर समोर असतानाही मनात ‘म्हणजे अजून १९ वर्षं हेच’ असं आलं, तर तुम्ही पळत नाही आहात हे तुम्हाला कळेल. हे माझ्यापेक्षा किंवा मैत्रिणींपेक्षा ती ऑफरच तुम्हाला नेमकं सांगेल.

आता शाळेबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पत्रात सगळ्यात कमी मजकूर या कामाबद्दल आहे. मुलं आवडतात, शिकवायला आवडतं, दोन तास पुरतात, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिथे पाहुण्या असता. मुलं उत्सुक असतात, विषय तुमच्या आवडीचा असतो, आणि दोन तासांनी घरी परतता. पूर्णवेळ शिक्षिकेचा आठवडा निराळा असतो. प्रत्येक मुलासाठी वेगळी शिक्षण योजना लिहायची आणि दर काही आठवड्यांनी तिचा आढावा घ्यायचा. श्रवणयंत्राची बॅटरी संपली आहे हे मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. एका मुलाच्या प्रगतीच्या रकान्यात तीन महिने तेच वाक्य लिहायचं आणि तरी चौथ्या महिन्यात त्याच्यासमोर तितक्याच उत्साहानं बसायचं. शिवाय पालक असतात. ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. बहुतेक घरांत या आधी कुणी कर्णबधिर पाहिलेलं नसतं, आणि निदान उशिरा झालं तर मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे धड कुठलीच भाषा नसते. अशा मुलाला शिकवताना निम्मं काम त्याच्या आईवडिलांबरोबर असतं. त्यातले काही खचलेले असतात, काही रागावलेले, काहींना तुमच्याकडून चमत्कार हवा असतो. तुमच्या बहिणीच्या किंवा भावाच्या घरी यातलं थोडं तुम्ही पाहिलं असेल. ते रोज, अनेक घरांचं पाहायला जमेल का?

शिवाय या क्षेत्राला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो जाणून न घेता आत शिरणारा माणूस लवकर उघडा पडतो. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून मुलांना बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावं, असे ठराव तिथे झाले. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. पुढे कित्येक देशांत वर्गात खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेचा अभ्यास मांडला आणि तिला स्वतःची रचना आहे हे दाखवलं, तेव्हा कुठे अभ्यासकांचं मत बदलू लागलं. मिलानचे ते ठराव त्याच परिषदेच्या पुढच्या एका अधिवेशनानं औपचारिकपणे नाकारले ते २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. मध्ये १३० वर्षं गेली. म्हणून ‘मला या मुलांसाठी काहीतरी करायचंय’ असं म्हणत येणाऱ्या ऐकू येणाऱ्या माणसाकडे अनेक कर्णबधिर प्रौढ जपून पाहतात. ते योग्यच आहे.

तेव्हा दोन गोष्टी करा. साठलेली रजा काढून शाळेच्या परवानगीनं सलग दोन आठवडे, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत तिथे राहा. शिकवू नका, मदतनीस म्हणून राहा, आणि पालकसभेचा किंवा अहवाल लिहिण्याचा आठवडा मुद्दाम निवडा. दुसरं, किमान तीन कर्णबधिर प्रौढांशी बोला. त्यातला एखादा शिक्षक असेल तर फारच चांगलं. तुमच्या शाळेतल्या चांगल्या शिक्षकांविषयी काय आठवतं, वाईट शिक्षकांविषयी काय आठवतं, एवढे दोन प्रश्न विचारा आणि ऐका. तुमची खुणांची भाषा कुठवर आली आहे हेही त्याच संभाषणात कळेल. भाच्याबरोबरची घरगुती भाषा आणि वर्गात विज्ञान शिकवण्याची भाषा यांत बरंच अंतर असतं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते.

पगार निम्म्याहून कमी होईल हे तुम्ही लिहिलंत. अभ्यासक्रम, परीक्षा, वय, सगळं मोजलंत. एक गोष्ट मोजली नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महाग तीच पडणार आहे. ‘माझी सही झाल्याशिवाय बॅच पुढे सरकत नाही.’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण लिहिताना पाठ ताठ झाली असेल. व्हायलाच हवी, ती सही तुम्ही कमावली आहे. नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर गेला की सगळी प्रयोगशाळा तुमच्याकडे बघते. ऑडिटर समोर बसला तरी तुमचा आवाज चढत नाही. तुम्ही खोलीत आलात की लोक खुर्ची पुढे करतात. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी यातलं काहीही नसेल. तुमच्याहून १५-२० वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी तुम्ही बसाल. तुमचा पाठ बघायला आलेली निरीक्षक कदाचित तिशीची असेल. वर्गावर तुमचा ताबा नव्हता, फळ्याकडे तोंड करून बोललात, असं ती तुमच्या वहीत लिहील आणि ते खरं असेल. नवखेपणानं तुमच्या हातून चुका होतील, आणि त्या सुधारून घेणारी व्यक्ती तुमच्याहून कमी शिकलेली असू शकेल.

क्षेत्र बदलणारी माणसं पैशाची तयारी करतात. या गोष्टीची तयारी करत नाहीत, आणि पुष्कळ जण इथेच मोडतात. सहा महिन्यांनी ‘काम आवडलं नाही’ म्हणून परत येतात. प्रत्यक्षात काम त्यांना आवडलेलं असतं, आपण त्यात कच्चे आहोत हे रोज दिसणं सहन झालेलं नसतं. ज्यानं कधी काही नीट केलं नाही त्याला नवशिकेपणा जड जात नाही. तुमच्यासारख्या निष्णात माणसाला तो जड जातो, कारण चांगलं काम कसं दिसतं हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ते आपल्या हातून होत नाही हेही दिसत असतं.

हे घाबरवायला लिहीत नाही. हे आधी अजमावता येतं म्हणून लिहिते आहे. खुणांच्या भाषेचा पद्धतशीर वर्ग आजच लावा, शक्यतो कर्णबधिर शिक्षकाकडे. तिथे बोलायचं नसतं, त्यामुळे तुमचं पद, अनुभव, बोलण्यातला रुबाब यांतलं काहीच कामाला येत नाही. हात अडखळतील, चेहरा चुकीचा होईल, बाकीचे पुढे जातील. तीन-चार महिन्यांनी स्वतःला विचारा, वर्गाला जायच्या दिवशी मनात काय असतं? लाज वाटते पण जावंसं वाटतं, असं असेल तर तुम्ही या बदलाला तयार आहात. लाज वाटते म्हणून कारणं काढून वर्ग बुडवता, असं असेल तर ते राजीनाम्याआधी कळलेलं बरं.

आणि या सगळ्याला तुमच्याच प्रयोगशाळेचा नियम लावा. तपासणीच्या आधी मर्यादा ठरलेल्या असतात, निकाल बघून त्या सरकवता येत नाहीत, आणि हवा तो आकडा येईपर्यंत नमुना पुन्हा पुन्हा चालवताही येत नाही. दोन आठवडे शाळेत राहण्याआधी, भाषेचा वर्ग लावण्याआधी, कागदावर लिहून ठेवा: काय दिसलं तर मी पुढे जाईन, काय दिसलं तर थांबेन. तारीख घाला. उदाहरणार्थ, अहवाल लिहिण्याच्या आठवड्यातही सकाळी उठून जावंसं वाटलं पाहिजे. कर्णबधिर शिक्षकांशी दुभाष्याशिवाय अर्धा तास बोलता आलं पाहिजे. तुमच्या अटी तुम्ही ठरवा, मात्र आधी ठरवा.

शून्यापासून सुरुवात, हे तुमचे शब्द मला पटत नाहीत. पद मागे राहील, अधिकार मागे राहील, त्याची हळहळ खरी आहे आणि ती वाटू द्या. पण रोजचं निरीक्षण न चुकता नोंदवण्याची शिस्त, अपयशाचं कारण माणसात शोधण्याआधी पद्धतीत शोधण्याची सवय, महिनोन्‌महिने हळूहळू बदलणारी गोष्ट धीरानं बघत राहण्याची ताकद, हे सगळं तुमच्याबरोबर येईल. तीन महिने तोच शेरा मिळणाऱ्या त्या मुलाला अशीच शिक्षिका हवी असते. अल्बर्ट श्वाइट्झर यांचं उदाहरण मला इथे जवळचं वाटतं. ते धर्मशास्त्राचे अभ्यासक होते आणि नावाजलेले ऑर्गनवादक. १९०५ मध्ये, तिशीत, त्यांनी वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. आजच्या गॅबनमधल्या लांबारेने इथे रुग्णालय सुरू करायला ते पोहोचले १९१३ मध्ये. त्या आठ वर्षांत त्यांनी आधीचं आयुष्य टाकून दिलं नाही. पुढे रुग्णालयासाठी पैसा उभा केला तो ऑर्गनचे कार्यक्रम करूनच. तुमच्या जुन्या कामालाही नव्या आयुष्यात जागा असू शकते. पूर्णवेळ सोडल्यावर प्रयोगशाळांना ऑडिटच्या तयारीसाठी सल्ला देणं, नव्या केमिस्टना प्रशिक्षण देणं, अशी महिन्यातली काही दिवसांची कामं तुमच्या अनुभवाच्या माणसाला मिळतात. त्यावर अभ्यासक्रमाची दोन वर्षं तरून जातील का याचा हिशोब करा.

हिशोबाचं थोडक्यात सांगते. कागदावरचा अंदाज पुरेसा नाही. येत्या महिन्यापासून शिक्षिकेच्या पगाराएवढ्याच पैशात घर चालवा आणि उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावू नका. सहा महिने हे जमलं तर घराला सवय झाली आणि अभ्यासक्रमाची बरीच बेगमीही झाली. दुसऱ्याच महिन्यात भांडणं सुरू झाली तर कुठे अडतं ते कळेल. कर्ज असेल तर आधी ते हलकं करा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा घरच्यांचा वेगळा विमा नोकरीत असतानाच घ्या.

मैत्रिणींचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्या तुम्हाला या रूपातच ओळखतात आणि त्यांना माहीत असलेलं जग तुम्हालाही माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं, ज्यानं तुम्हाला नोकरीचं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणाऱ्याकडून कळलं असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकेला विचारा, क्षेत्र बदलून इथे आलेलं कुणी तुमच्या माहितीत आहे का? त्या व्यक्तीला अर्धा तास मागा. नोकरी मागू नका. पहिल्या वर्षी सगळ्यात कशानं नमवलं, एवढंच विचारा.

एक धोका उरतो. तुमच्यासारखी काळजीपूर्वक माणसं तपास करत करत आणखी तीन वर्षं काढू शकतात. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक प्रयोग केला होता. मोठ्या निर्णयावर अडलेल्या लोकांनी संकेतस्थळावर नाणं उडवायचं, आणि ते सांगेल तसं वागायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. २० हजारांहून अधिक वेळा नाणं उडवलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असं दिसलं की नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांवर ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, बदल न करणाऱ्यांपेक्षा, जास्त समाधानी होते. हे आपणहून तिथे येऊन नाणं उडवणारे लोक होते, तेव्हा सगळ्या जगाला हा नियम लावता येणार नाही. तरी इतकं घ्यायला हरकत नाही की दीर्घकाळ अडलेला माणूस बहुधा बदलाची भीती जास्त धरतो आणि आहे तिथेच राहण्याची किंमत कमी धरतो. म्हणून सगळ्या तपासाला एक वर्षाची मुदत द्या. त्या तारखेला जेवढं समजलं असेल तेवढ्यावर निर्णय घ्या.

आईंना इतक्यात समजावत बसू नका. त्या चुकीचं बोलत नाहीत, त्यांना फक्त तुम्ही काय सोडताय तेवढंच दिसतं. शाळेत दोन आठवडे राहून आल्यावर बोला, तेव्हा सांगायला मुलांची नावं आणि प्रसंग असतील.

नवऱ्याच्या ‘तू ठरव, मी आहे’ वर मात्र थांबू नका. चांगला माणूस आहे, पण ‘मी आहे’ म्हणजे नेमकं काय, हे आत्ताच त्यांच्याबरोबर बसून काढा. अभ्यासाच्या संध्याकाळी घर कोण बघणार, कुठला खर्च दोघंही सोडणार, त्यांची नोकरी मध्येच डळमळली तर अभ्यासक्रम थांबणार की चालू राहणार. आणि तुम्ही रडकुंडीला येऊन ‘मला नाही जमत’ म्हणाल त्या रात्री त्यांनी काय म्हणावं असं तुम्हाला वाटतं, तेही सांगून ठेवा. नाहीतर ते प्रेमापोटी ‘सोड मग’ म्हणतील.